आत्याचा घोडा

साल एकोणीसशे चौसष्ट. मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मी पहिल्यांदा टाचेचे बूट घातले आणि त्याच बुटांत लटपटत एका कोशाच्या कचेरीत नोकरीला लागले. माझं वय वीस. कचेरी सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात वंगणाचा वास आणि वर गेलं की डिंकाचा. आजही कुणी साखळीला तेल घालताना दिसलं की मला वाटतं, उशीर झाला, वर जाऊन सही करायला हवी.

कोश होता दाखल्यांचा. बोलताना, लिहिताना माणसं एखाद्या गोष्टीचा नुसता ओझरता उल्लेख करतात आणि ऐकणाऱ्याला ती सगळी ठाऊक आहे असं धरून पुढे जातात. फार झोपणाऱ्याला जुन्या कथेतल्या राक्षसाचं नाव ठेवायचं, कंजुषाला कुठल्याशा राजाचं. असे उल्लेख वेचायचे आणि एकेका उल्लेखाचं एकेक कार्ड करायचं. वर उल्लेख, मधे अर्थ, खाली मुळातली गोष्ट आणि ती कुठे सापडते ते. चौदा वर्षांत नऊ हजार कार्डं झाली होती आणि पहिला खंड आता कुठे छापायला निघत होता.

कचेरीत जुनी माणसं तीन. मुख्य संपादकांना सगळे मोठे साहेब म्हणत. ते दोन चष्मे वापरत, एक कपाळावर आणि एक नाकावर, आणि तिसरा शोधत असत. टाचणीबाई कार्डांचे गठ्ठे लावायच्या. दिवसभर ओठांत टाचण्या धरून त्या बोलायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही टाचणी गिळली नव्हती की एकही टोमणा. तिसरे मुद्रितशोधक. बोलताना दर एकदोन शब्दांनी थांबत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं स्वल्पविराम. "आज, जरा, उकडतंय," असं ते म्हणेपर्यंत गार झालेलं असे.

नवी माणसं दोन, मी आणि पदवीधर. त्याच्याकडे दोन पदव्या, एक पदक आणि वहीत जपून ठेवलेलं पदकाचं छायाचित्र. आम्ही दोघंही तीन महिन्यांच्या बोलीवर आलो होतो. त्यानंतर दोघांपैकी एकालाच कायम करणार होते.

मला ती जागा हवी होती. हवी होती हा शब्दही कमी पडेल, मी तिच्यासाठी जीव टाकत होते. शहरात मी आत्याकडे राहत होते. ती कपडे शिवायची. दादाचं पत्र आलं होतं, "कायम झालीस तर आनंद आहे, नाहीतर तीन महिन्यांनी पहिल्या गाडीने परत ये." परत जाऊन काय करायचं ते मला ठाऊक होतं. दादाच्या बटणांच्या दुकानामागच्या खोलीत तीन भाच्यांच्या लाथा खात झोपायचं आणि दिवसभर चार भोकांची बटणं दोन भोकांच्या बटणांतून वेगळी करायची.

आता कचेरीचा नियम सांगते. दाखल्यांचा कोश करणाऱ्याला दाखला कळलाच पाहिजे, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं. म्हणून कुणी काही उल्लेख केला आणि दुसऱ्याने "म्हणजे?" असं विचारलं, की त्या दिवशीचे चहाचे कप त्याने धुवायचे. हे गंमत म्हणून सुरू झालं असणार, पण चौदा वर्षांत तिला धार चढली होती. कुणी कुणाला विचारायचंच नाही. सगळ्यांना सगळं माहीत.

आणि मला काहीच माहीत नाही!

पहिल्याच दिवशी टाचणीबाई टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या, "नवे, जपून गं. साहेब आज तिसऱ्या पायरीवर आहेत."

मी जिन्यात डोकावून आले. "तिथे तर कुणी नाही. म्हणजे?"

"कप त्या कोपऱ्यात आहेत," टाचणीबाई गोड हसून म्हणाल्या.

कप धुता धुता मला कळलं की साहेब एकदा तिसऱ्या पायरीवरून घसरले होते आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. तेव्हापासून ते चिडलेले असले की तिसऱ्या पायरीवर असतात. दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम म्हणाले, "याचं, पिवळं पाकीट, करू नका, हं." पुन्हा मी "म्हणजे?" पुन्हा कप. पूर्वी एक महत्त्वाचं पिवळं पाकीट इतकं नीट ठेवलं होतं की ते सहा वर्षांनी सापडलं.

तीन आठवडे मी कप धुतले. माझे हात इतके स्वच्छ त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाहीत. पदवीधराने एकही कप धुतला नाही. कुणी काही म्हटलं की तो डोळे अर्धे मिटायचा, मान किंचित तिरकी करायचा आणि म्हणायचा, "अगदी, अगदी." तो इतका जाणता दिसायचा की मला त्याला शाईच्या दौतीत बुडवावंसं वाटायचं.

चौथ्या आठवड्यातली एक दुपार. स्वल्पविरामांच्या कार्डांचा एक गठ्ठा हरवला. सगळी कचेरी उलटीपालटी झाली. कपाटं ओढली, टोपली उपडी केली. टाचणीबाई टेबलाखाली शिरल्या आणि पदवीधर मदत केल्यासारखा उभा राहिला. तासाभराने कळलं की गठ्ठा स्वल्पविरामांच्याच बुडाखाली होता. ते त्याच्यावर बसले होते.

सगळे हसले, आणि आता कुणीतरी दाखला देणार हे मला दिसलं. टाचणीबाईंनी तोंडही उघडलं होतं. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी त्यांच्याआधी म्हणाले, "हा तर अगदी आत्याचा घोडा झाला!"

सगळे माझ्याकडे वळले.

आत्या का, तर ती रोज समोर दिसायची म्हणून. घोडा का, ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडाला आला. आत्याकडे होतं काय, तर एक शिवणयंत्र, दोन गुडघे आणि त्या गुडघ्यांच्या तक्रारी. घोडा तिने लांबूनही पाहिला असेल की नाही, शंकाच आहे.

माझे कान तापले. आता विचारणार, आता कुणीतरी विचारणार. इतक्यात मोठे साहेब मांडीवर थाप मारून हसले.

"वा! आत्याचा घोडा! किती वर्षांनी ऐकला हो!"

"आमची आजी म्हणायची," टाचणीबाई लगेच म्हणाल्या.

"आमच्याकडे, तर, रोजचाच," स्वल्पविराम म्हणाले.

पदवीधर सगळ्यांत जोरात हसला. "अगदी, अगदी. लहानपणापासून ऐकतोय."

मी जागच्या जागी थिजले, आणि मग पोटातून असं काही हसू उसळलं की मी खोकल्याचं निमित्त करून जिन्यात पळाले. तिसऱ्या पायरीवर बसून तोंडात रुमाल कोंबला. खालून सायकलवाले काका ओरडले, "काय झालं, बाई?"

"काही नाही, काका. आत्याचा घोडा!"

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि चाकात हवा भरू लागले.

त्या दिवसापासून तो घोडा जो सुटला तो आवरेना. शोधलेली वस्तू आपल्याजवळच सापडली की स्वल्पविराम म्हणत, "घोडा." टाचणीबाईंच्या मते उपयोग कमी आणि व्याप जास्त अशी कुठलीही गोष्ट म्हणजे आत्याचा घोडा. त्यांच्या यादीत नवं कपाट, जुना पंखा आणि पदवीधर होता. मोठे साहेब उशिरा येणाऱ्याला आत्याचा घोडा म्हणत. तिघं तीन अर्थांनी बोलत आणि एकमेकांना टाळ्या देत. मी नुसती मान डोलवायची, डोळे अर्धे मिटून.

दर रविवारी मोठ्या साहेबांचं वर्तमानपत्रात सदर यायचं. त्यात त्यांनी लिहिलं, "आपल्या शहराचा नवा पूल हा शुद्ध आत्याचा घोडा आहे." वाचक सुशिक्षित होते, त्यामुळे कुणीच विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी बसमधून जात होते. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "राग मानू नकोस, पण तुझा जावई आत्याचा घोडा आहे."

शेजारी उसासा टाकून म्हणाला, "ते तर आहेच रे."

मी दांडा धरून उभी होते. हसू दाबता दाबता माझी टाच वाकली आणि मी वाहकाच्या अंगावर गेले.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती यंत्र थांबवून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "माझा घोडा? अगं, मला तर खुर्चीवर चढायला दोन माणसं लागतात!" मग जरा थांबून म्हणाली, "पण लोक माझं नाव घेतायत, नाही का?"

इथवर सगळी मजा होती. मग पहिल्या खंडाच्या याद्या निघाल्या आणि मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की 'आ'च्या गठ्ठ्यात आत्याचा घोडा नाही.

"इतका जुना दाखला आणि कार्ड नाही?" ते गरजले. "लाज वाटली पाहिजे आपल्याला! पदवीधर, तुम्ही लहानपणापासून ऐकताय ना? मूळ गोष्ट लिहून आणा, पुराव्यासकट. आणि नव्या बाई, तुम्हीही काही मिळतंय का बघा. पुढच्या गुरुवारी मी तुमच्यापैकी एकाला कायम करणार. कार्ड चांगलं होईल त्याची जागा."

आठ दिवस पदवीधर वाचनालयातून हलला नाही. मी कोऱ्या कार्डाकडे बघत बसले. काय लिहू? घोडा माझा, पण त्याची गोष्ट कुठून आणू? खोटी गोष्ट लिहायची, तर साहेबांनी चौदा वर्षं घासून उभ्या केलेल्या कोशात माझ्या हाताने माती कालवायची. खरी सांगायची, तर मी सगळ्यांना महिनाभर बनवलं हे उघड होणार, आणि बटणं आहेतच माझी वाट बघत.

गुरुवार उजाडला. पदवीधराने घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. एक किल्ला, त्याला वेढा. आत बालराजा आणि त्याची शूर आत्या. राजकुळातला एकच घोडा उरलेला. आत्या घोड्यावर बसून मदत आणायला निघते. सात दिवस, सात रात्री दौडते आणि शेवटी कळतं की धुक्यात घोडा किल्ल्यालाच फेऱ्या मारत होता! खाली तळटिपा, एकूण नऊ.

खरं सांगू, मला रडू आलं. इतकी सुंदर गोष्ट! टाचणीबाईंनी चक्क टाचण्या तोंडातून काढल्या.

"हे काम झालं," मोठे साहेब म्हणाले. "नव्या बाई, तुमचं कार्ड?"

माझाच घोडा माझी जागा खाऊन ढेकर देत होता. मी उठले. कार्डावर मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचल्या. "मूळ गोष्ट नाही. मी उगाच बोलले."

मग एकदम सगळे माझ्यावर तुटून पडले.

"उगाच कसं बोललीस?" टाचणीबाई कडाडल्या. "आमची आजी म्हणायची, ती काय तुला विचारून?"

"तुमचा, जन्म, कधीचा?" स्वल्पविरामांनी विचारलं. "घोडा, त्याच्या, आधीचा."

पदवीधर कीव केल्यासारखा हसला. "नऊ तळटिपा आहेत, बाई."

"अहो, पण आत्या माझी आहे! जिवंत आहे! तिला विचारा, तिने कधी घोडा पाळलाय का!"

"उत्तम," मोठे साहेब म्हणाले. ते चिडले होते की गोंधळले होते ते दोन चष्म्यांमागे कळत नव्हतं. "घेऊन या त्यांना."

मी धावत घरी गेले. आत्याचे हात धरले. "आत्या, एकच वाक्य बोलायचं. घोडा नव्हता. एवढंच. माझी नोकरी राहो न राहो, पण मी खोटारडी नाही एवढं तरी कळू दे."

"अगं, त्यात काय? नव्हता तर नव्हता," आत्या म्हणाली आणि चांगले बूट शोधू लागली.

दोन जिने चढायला आम्हाला पाव तास लागला. आत्याला मधोमध खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर चौघं सुशिक्षित माणसं, हातात टोकदार पेन्सिली, पुढे कोरे कागद. मोठे साहेब वाकून म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. तुमच्याकडे घोडा होता?"

आत्याने त्या पेन्सिलींकडे पाहिलं. तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मापांचे आकडे लिहीत आली होती. तिचं बोलणं कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं. मला तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं दिसलं.

"होता ना!" आत्या म्हणाली.

"आत्या!"

"तू गप्प बस, तू तेव्हा पाळण्यात होतीस. पांढरा होता, साहेब. पण कामाचा म्हणाल तर शून्य. गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला निघाले की हा मागे मागे चालायचा. एकीची नवी टोपी खाल्ली मेल्याने, फितीसकट."

"लिहा, लिहा," टाचणीबाई पुटपुटल्या. "उपयोग कमी, व्याप जास्त. मी म्हणत नव्हते?"

"आत्या, अगं, बांधायचीस कुठे? आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो!"

"तेच तर! जिना चढायचा, उतरायचा नाही. एकदा दिवसभर सगळं गाव धुंडाळलं, तर हा स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे उभा."

"आपल्याजवळच, सापडला!" स्वल्पविराम आनंदाने उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकाच ठिकाणी दम घेतला.

पदवीधर मात्र पांढराफटक पडला. "बाई, तुमचा घोडा नंतरचा असणार. मूळचा घोडा किल्ल्यातला."

"माझ्या घोड्याला नंतरचा म्हणतोस?" आत्या खुर्चीतून अर्धी उठली, गुडघे विसरून. "तू पाहिलायस तुझा? मी माझ्याला हाताने खरारा केलाय!"

"तळटिपा आहेत!"

"असतील! माझ्याला शेपूट होती!"

त्या गदारोळात मोठ्या साहेबांनी बोट वर केलं. "एकच प्रश्न, बाई. घोड्याचं नाव काय होतं?"

आत्या पहिल्यांदाच अडखळली. तिची नजर खोलीभर फिरली आणि समोरच्या भिंतीवर टेकली.

"कॅलेंडर," ती ठामपणे म्हणाली.

मोठ्या साहेबांनी हळूच मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग आत्याकडे. मग त्यांचे खांदे हलू लागले, कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर आदळला, आणि ते टेबलावर डोकं ठेवून इतके हसले, इतके हसले की खालून सायकलवाले काका काय झालं म्हणून वर आले.

आत्याला खाली पोचवून मी परतले, तेव्हा साहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. नऊ हजार कार्डांची कपाटं तिथेच होती.

"त्या दिवशी सगळ्यांत आधी मीच हसलो," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"मला वाटलं, फक्त मलाच माहीत नाही." ते कपाटांकडे बघत राहिले. आवाज एकदम बारीक झाला. "नव्या बाई, यात आणखी किती घोडे असतील?"

"मला काय माहीत, साहेब?"

"हेच!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "चौदा वर्षांत या जागेत हे वाक्य कुणी उच्चारलं नाही! उद्यापासून एकेक कार्ड बाहेर काढायचं. कुणी सांगितलं, कधी, कुठे, सगळं विचारायचं. माझं कार्ड असलं तरी मला धरून विचारायचं."

"म्हणजे मी कायम?"

"नऊ हजार कार्डं आहेत, बाई. तात्पुरत्या माणसाचं काम आहे का ते?"

मी टाचेच्या बुटांनी दोन जिने एका दमात उतरले. पडले नाही, याचं आजही नवल वाटतं.

चारशे बारा घोडे सापडले. साहेबांचे त्यात एकशे सहा. पहिला खंड दोन वर्षं लांबला. त्यात आमचीही नोंद आहे, साहेबांच्या हातची: "आत्याचा घोडा. अडचणीची गोष्ट. मूळ कथा नाही. याच कचेरीत एका दुपारी प्रथम बोलला गेला. तेव्हा हजर असलेल्या सर्वांना तो आधीपासूनच माहीत होता."

पदवीधराने राजीनामा तोंडावर फेकला आणि किल्ल्यातल्या आत्यावर नाटक लिहिलं. त्याचे साडेतीनशे प्रयोग झाले. मी सहा वेळा पाहिलं आणि सहाही वेळा रडले. पुढे त्याने मोठं घर बांधलं, आणि भेटला की मला आदराने नमस्कार करायचा. स्वल्पविराम रेडिओवर बातम्या द्यायला गेले. त्यांच्या थांबण्यात लोकांना भारदस्तपणा वाटायचा आणि गंभीर बातमी असली की मुद्दाम त्यांनाच बोलवत. टाचणीबाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी सायकलवाल्या काकांशी लग्न केलं. दोघं रविवारी जोडसायकलवरून फिरायला जात आणि पुढे बाई बसत. आत्या एक्याण्णव वर्षं जगली. शेवटी शेवटी ती स्वतःच त्या घोड्याची आठवण काढून हळवी व्हायची आणि मी तिला पाणी आणून द्यायची. दादाने दुकान विकलं. मोठ्या साहेबांनी सहापैकी चार खंड छापलेले पाहिले आणि पाचव्याची मुद्रितं हातात असताना, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. उरलेले दोन मी पुरे केले.

मी छापखान्यातल्या एका अबोल माणसाशी लग्न केलं. आमचं चाळीस वर्षं छान जमलं, मी बोलायची आणि तो अक्षरांचे खिळे जुळवायचा. आता तो नाही. धाकटा मुलगा आणि सून खालच्या मजल्यावर राहतात. सूनबाई रोज दुपारी शब्दकोडं घेऊन वर येते, आणि मी तिला एकही चौकोन भरू देत नाही.